डॉ. कमल रणदिवे : दूध, रक्त आणि वारसा

(बी. ए. भाग २)

विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीतच संपला, असे मी धरून चालले होते. बी. ए.ला मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र घेतले. वार्षिकांकासाठी एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा सावित्रीबाई, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज ही नावे वर्गातल्या हुशार मंडळींनी आधीच पटकावली. मी डॉ. कमल रणदिवे हे नाव दिले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, की ह्या कोण? प्रश्न रास्त होता. काही वर्षांपूर्वी मलाही हे नाव ठाऊक नव्हते.

८ नोव्हेंबर २०२१ ला बाबांनी माझ्या अभ्यासासाठी हप्त्याने घेतलेल्या मोबाइलवर गूगल उघडले, तर नेहमीच्या अक्षरांच्या जागी सूक्ष्मदर्शक यंत्र आणि एका बाईंचे चित्र होते. त्यांचा तो १०४ वा जन्मदिवस. आडनाव मराठी म्हणून मी थोडे वाचले, स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या बाई एवढे लक्षात राहिले आणि बाकीचे विसरले. ते पुन्हा आठवायची वेळ गेल्या वर्षी आली. ती माझ्या थोरल्या ताईमुळे.

हे कॉलेजच्या अंकात लिहावे की लिहू नये, याचा मी बराच विचार केला. शेवटी ताईलाच विचारले. माझे नाव घालू नको, बाकी खुशाल लिही, असा तिचा निरोप आला. म्हणून लिहिते.

ताई जन्मली आणि आठ-दहा दिवसांतच मायला टायफॉइडने घेरले. माय तापात पडून, घरात गायीचे दूध नाही. तेव्हा मावशी आमच्याकडे येऊन राहिली. तिच्या कडेवर तिचा स्वतःचा तीन महिन्यांचा मुलगा होता. दीड महिना तिने दोन्ही लेकरे अंगावर पाजली. गावात त्याचे कौतुक झाले. पुढे ताई दहावीत असताना मावशीच्या छातीत गाठ निघाली. तिने ती कोणाला दाखवली नाही, आम्हीही विचारले नाही; सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर पाहू, मग तुरी घरात आल्यावर पाहू, असे करता करता वर्ष गेले. नागपूरला नेले तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी गेली, आणि जे दूध एके काळी उपकाराचे होते तेच गावाच्या तोंडी विषाचे झाले. ह्या पोरीच्या अंगात तेच दूध गेले आहे, अशी कुजबुज सुरू झाली.

गेल्या वर्षी ताईला मुलगी झाली. तिच्या सासरी ही कुजबुज कोणी पोचवली ते आम्हाला कळले नाही. तिसऱ्या दिवशी बाळाच्या तोंडाला बाटली लावली गेली. ताईने अंगावर पाजायचे नाही, असे ठरले. ठरवणाऱ्यांत ताई नव्हती. तिने मला फोन केला, कारण घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच. बाबा सातवी शिकलेले, माय अंगठा लावते. इतिहास शिकणाऱ्या मुलीला दुधातून रोग जातो की नाही हे कुठून ठाऊक असणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. कॉलेजात जाते म्हणजे तिला माहीत असणारच! मला माहीत नव्हते. मी शोधू लागले आणि रणदिवेबाईंपाशी येऊन थांबले.

कमलबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाविषयी दक्ष. कमलबाई हुजूरपागेच्या शाळेत शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या विशेष प्रावीण्याने पदवीधर झाल्या आणि १९३९ च्या मे महिन्यात ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रणदिवे गणिती होते आणि पत्नीच्या पुढच्या शिक्षणाला त्यांचा हातभार होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम. एस्सी. केले ते १९४३ मध्ये, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी. बी. ए.च्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गात असलेल्या तीन मुली लग्न होऊन गेल्या त्या परत दिसल्या नाहीत, म्हणून हे वर्ष मी मुद्दाम लिहिले.

एम. एस्सी.साठी त्यांनी जो विषय घेतला तो वाचून मला हसूच आले, कारण तो आमच्या धुऱ्यावरचा निघाला. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे, हा तो विषय. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि शाळांच्या फाटकापाशी सरळसोट वाढणारा अशोक ही सारी एकाच कुळातली झाडे. त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, पेशीच्या केंद्रकातले दोरे मोजायचे, त्यांचे आकार ताडून पाहायचे. सीताफळाच्या पेशीत असे १४ दोरे असतात. ह्या दोऱ्यांतूनच आईबापांचे गुण लेकरांत उतरतात एवढे तेव्हा ठाऊक होते. पण दोऱ्यांतला नेमका कोणता पदार्थ हे काम करतो, याचा निकाल लागला नव्हता. तो पदार्थ डी. एन. ए. असल्याचा पहिला भक्कम पुरावा न्यूयॉर्कमधल्या एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दिला आणि त्याची दुहेरी गोफासारखी रचना केंब्रिजला वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली ती १९५३ मध्ये. म्हणजे आपल्या कमलबाई पेटीवरून हात फिरवत होत्या, तेव्हा पेटीत काय आहे हे जगालाच पुरते कळलेले नव्हते.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे पंडित काम करीत होते. भारतातल्या ह्या शास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून कमलबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. वनस्पतीच्या पेशींकडून त्या प्राण्यांच्या पेशींकडे वळल्या आणि उंदरांमधला स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या आयुष्याचा एक मोठा विषय होऊन बसला.

येथे थोडे उंदरांविषयी सांगितले पाहिजे, कारण ताईच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. प्रयोगशाळांत भावाबहिणींचे जोड पिढ्यान् पिढ्या लावून उंदरांचे शुद्ध वंश तयार करतात. काही वंशांत जवळजवळ प्रत्येक मादीला म्हातारपणी स्तनाचा कर्करोग होई, काहींत क्वचितच. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने १९३३ मध्ये दोन वंशांचे उलटसुलट संकर केले. आई रोगी वंशाची आणि बाप निरोगी वंशाचा असेल तर मुलींना रोग होई. आई निरोगी आणि बाप रोगी वंशाचा असेल तर फारसा होत नसे. रोग गुणसूत्रांतून येत असता तर बापाकडूनही तितकाच यायला हवा होता. म्हणजे आईकडून गुणसूत्रांखेरीज आणखी काही येत होते. १९३६ मध्ये बिटनर नावाच्या संशोधकाने रोगी वंशाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वंशाच्या मादीखाली पाजायला ठेवली, आणि त्या पिल्लांतला रोग एकदम घटला. ते आणखी काही दुधात होते! पुढे तो विषाणू असल्याचे सिद्ध झाले, आणि त्याच्या पोटात डी. एन. ए. नव्हे, तर आर. एन. ए. सापडला.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. गावातल्या बायका जे म्हणत होत्या तेच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत खरे ठरले होते, निदान उंदरांपुरते. ताईला काय सांगावे ते मला सुचेना. तिला मी तीन दिवस फोन केला नाही.

डी. एन. ए. आणि आर. एन. ए. यांतला फरक मला पुस्तकातून उमगला नाही. तो उमगला तलाठी कार्यालयात. मूळ दप्तर कार्यालयात राहते. ते बाहेर नेत नाहीत. आपल्याला कर्जासाठी सातबारा लागला तर त्याची नक्कल मिळते. ती बँकेत जाते, काम झाले की चुरगळते, फाटते. डी. एन. ए. हे मूळ दप्तर, पेशीच्या केंद्रकात जपलेले. आर. एन. ए. ही बहुधा त्यातल्या हव्या त्या उताऱ्याची नक्कल, केंद्रकाबाहेर जाऊन प्रथिने तयार करवून घेणारी. बहुधा म्हणते, कारण काही आर. एन. ए. नक्कल नसून प्रथिने जुळवण्याच्या कामावरचे कामगारच असतात. रचनेतला फरक दिसायला किरकोळ आहे. डी. एन. ए.चे धागे दोन, एकमेकांना वेढलेले, आर. एन. ए.चा धागा साधारणपणे एक. दोन्हींच्या कण्यात साखर असते, पण आर. एन. ए.च्या साखरेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त. चार अक्षरांपैकी तीन दोन्हींत तीच, चौथे डी. एन. ए.त थायमिन, तर आर. एन. ए.त त्याऐवजी युरॅसिल. त्या एका जादा ऑक्सिजनमुळे आर. एन. ए. लवकर तुटतो. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतूनही डी. एन. ए. वाचता येतो. नक्कल इतकी कुठली टिकायला!

दप्तरावरून नक्कल निघते, नकलेवरून दप्तर लिहिले जात नाही, असेच शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. मग आर. एन. ए. असलेला उंदराचा विषाणू पेशीत जन्मभर ठाण मांडून कसा बसतो? १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी, एकमेकांवाचून स्वतंत्रपणे, असे विकर शोधले की जे आर. एन. ए.वरून डी. एन. ए. लिहिते. त्याबद्दल १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना डल्बेको यांच्यासमवेत मिळाले. तर हा विषाणू आपली नक्कल उलटी उतरवून पेशीच्या मूळ दप्तरात घुसडतो. बनावट फेरफारच म्हणा. नोंद वाईट जागी पडली, तर शेजारचे जनुक बिथरते आणि पेशी बेसुमार वाढू लागते. काही उंदरांत तर ही नोंद बीजपेशींतच पडलेली सापडली. तेथून पुढे ती दुधाशिवायही पिढीजात चालू राहिली. दुधाने आलेले रक्ताचे होऊन बसले. जाता जाता सांगते, २०२० साली आपल्या गावोगावी नाकात काडी घालून आर. टी. पी. सी. आर. चाचणी केली, तिच्यातले पहिले आर. टी. म्हणजे हीच उलटी नक्कल. करोनाच्या विषाणूत आर. एन. ए. असतो, त्याचा आधी डी. एन. ए. करून घेतात आणि मग तो मोजतात.

कमलबाईंचे काम ह्या संधिकालातले आहे. डॉक्टरेटनंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी प्रथम काचपात्रात अखंड वाढल्या, त्या याच प्रयोगशाळेत. त्या बाईला मात्र कोणी विचारले नव्हते. शरीराबाहेर पेशी जगवण्याची ही विद्या शिकून कमलबाई मुंबईला परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. तशी देशातली ती पहिली. १९६६ ते १९७० ह्या काळात केंद्राचे प्रभारी संचालकपद त्यांच्याकडे होते. ऐन कामात असलेल्या प्राणिशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या तरुण संशोधकांना त्यांनी एकत्र बसवले. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी संबंध काय, हे उंदरांवर तपासणे हा त्यांचा मुख्य उद्योग. कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि काही विषाणूंशी संबंध असल्याचे मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्या गणल्या जातात. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केले. रुग्णांतून मिळवलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचा जो निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला त्याच्या तीन लेखकांत त्या होत्या, आणि त्या जंतूपासून पुढे लस तयार करण्यात आली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. इतर पुरस्कारांची यादी मी गाळते.

मला त्यांची जी गोष्ट सर्वांत जास्त भावली ती ही, की त्यांनी एकच कारण धरून ठेवले नाही. रक्ताचेच, असे म्हणाल्या नाहीत; दुधाचेच, असेही नाही. सीताफळाच्या दोऱ्यांपासून सुरुवात करणाऱ्या बाईंना गुणसूत्रांचाच अभिमान वाटायला हरकत नव्हती. पण विषाणू समोर आला तेव्हा त्यांनी त्यालाही जागा दिली, आणि संप्रेरकांनाही.

आता माणसांचे. उंदरात सापडले म्हणून बायकांच्या दुधातही असा विषाणू शोधण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याचे एक टोक आपल्या मुंबईत होते. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त म्हणून त्यांच्या दुधाचे नमुने तपासले गेले. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे अमेरिकन आणि मुंबईकर संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. खळबळ उडाली. पण त्या कणांचा आणि रोगाचा संबंध पुढे सिद्ध झाला नाही, आणि आईच्या दुधातून मुलीला कर्करोग होतो असे माणसात आजवर दिसलेले नाही. उलट जी आई अंगावर पाजते तिचा स्वतःचा धोका काहीसा कमी होतो, हे मोठमोठ्या पाहण्यांत दिसून आले आहे. आनुवंशिक धोका आहे, पण तो डी. एन. ए.तला. बी. आर. सी. ए. ह्या नावाची दोन जनुके १९९४ आणि १९९५ मध्ये हाती लागली. त्यांतला बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांतच रोगामागे अशा वारशाने आलेल्या बिघाडाचा हात असतो. मावशीचा रोग त्यातला असला, तरी तो ताईला दुधातून येणार नव्हता. असलाच तर आजीकडून किंवा आजोबांकडून मायमध्ये आणि मायकडून आम्हा दोघींत आलेला असेल. दूध न पिताही मी त्या हिशेबात ताईच्याच शेजारी उभी आहे.

हे ताईला फोनवर सांगायला मला एक तास लागला. तलाठ्याची उपमा तिला लगेच कळली, युरॅसिल कळले नाही, आणि कळायची गरजही नव्हती. पण माझे सांगणे सासरी कोण ऐकणार? कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या बहिणीला आमच्या घरी जेवढी किंमत, तेवढी तेथे नाही. शेवटी बाळाच्या लसीच्या दिवशी ताईने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सासूबाईंच्या समोरच विचारले. तो प्रश्न आम्ही दोघींनी फोनवर घोकून ठेवला होता. बाईंनी दोन मिनिटांत उत्तर दिले, जे मी तासभर देत होते तेच; आणि मायची, ताईची तपासणी करून घ्या, असेही सांगितले. सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. बाटली मात्र दुसऱ्या दिवशी फडताळात गेली. मधल्या पाच आठवड्यांत दूध आटत चालले होते. ते पुन्हा येईपर्यंत ताईने बाळाला दिवसरात्र छातीशी धरले. दिवाळीनंतर मायला मी स्वतः वाशीमला घेऊन गेले. सोंगणी चालू होती, तरी नेले. काही निघाले नाही.

कमलबाईंच्या उत्तरायुष्याचे थोडे राहिले. १९७३ मध्ये त्यांनी दहाअकरा सहकारी स्त्रियांसह मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. तिने पाळणाघर आणि वसतिगृहही चालवले, हे मला विशेष वाटते. उतारवयात त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या आणि नगर जिल्ह्यातल्या राजूरच्या आदिवासी भागात मुलांच्या पोषणाची पाहणी करू लागल्या, तिथल्या बायकांशी आरोग्यावर बोलू लागल्या. २००१ मध्ये त्या वारल्या. माझा जन्म त्यानंतरचा.

हा लेख पुरा झाल्यावर मी ताईला फोनवर वाचून दाखवला. विषाणूवर तिने काही विचारले नाही, पुरस्कारांवर नाही. बाईंना लेकरे किती, एवढेच विचारले. एक मुलगा, असे मी सांगितले. बरे, म्हणाली, आणि बाळ रडू लागले म्हणून फोन ठेवला.